ॲड्रियनचे चाळीस फोटो

१

बुधवारी दुपारी दीड वाजता वैजयंताबाईंनी फोल्डर उघडलं आणि ते रिकामं निघालं.

त्यांनी ते बंद केलं, परत उघडलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा उघडलं. काल दुपारी यात चाळीस फोटो होते. आता एकही नव्हता. पुसलेल्या गोष्टी ज्या टोपलीत जाऊन पडतात ती टोपलीसुद्धा कुणीतरी रिकामी केली होती. चुकून बोट लागून फोटो पुसला जातो, हे कुणालाही मान्य होईल. टोपली मात्र चुकून रिकामी होत नाही. तिथे ‘नक्की का?’ असं विचारतात, आणि कुणीतरी ‘हो’ म्हटलेलं होतं.

वैजयंताबाईंनी एकतीस वर्षं एका इस्पितळात एक्स-रे काढले. निवृत्तीनंतर भाईंदर पश्चिमेच्या घरात बसून भिंती मोजण्यापेक्षा बरं म्हणून त्यांनी ‘चिकटवही’ हा गट सुरू केला. एकशेसाठ माणसं. फोटो घ्यायचा, त्याच्यामागे कागद लावायचा, कडेला फुलं, रिबीन, टाचणी, खाली चार ओळी आणि झालं पान तयार. सगळं संगणकावर. कागद आणि फुलं कुणी ना कुणी बनवतं आणि सगळ्यांना फुकट वाटतं. मोबदला एकच, पानाखाली त्याचं नाव लिहायचं. कात्री नाही, डिंक नाही, तरी इथली भांडणं डिंकापेक्षा चिवट.

हे चाळीस फोटो मात्र खेळातले नव्हते. ते उत्तनच्या ॲड्रियन परेराचे होते. दोन वर्षांपूर्वी बोटीवरच छातीत कळ येऊन तो गेला. मागे राहिली बायको, याच गटातली व्हेरा, मुलगी सिया आणि खारं पाणी प्यायलेला एक जुना फोन. येत्या रविवारी सियाचं लग्न होतं. गटानं ठरवलं, चाळीस फोटोंची चाळीस पानं करून तिला अल्बम द्यायचा. आणि व्हेराला हॉलच्या दारात ॲड्रियनचा तीन फुटी फोटो उभा करायचा होता, म्हणजे आल्यागेल्याचं स्वागत बाप करेल. गटातल्या निशानं गेल्या रविवारी उत्तनला जाऊन त्या फोनमधून फोटो काढून घेतले. सोमवारी फोन कायमचा बंद पडला. दुरुस्तीवाल्यानं तो उघडून पाहिला आणि पैसे न घेताच परत केला.

म्हणजे आता ॲड्रियन कुठेच नव्हता.

फोल्डरचा पासवर्ड चौघांकडे होता. स्वतः वैजयंताबाई, पानांचे तयार साचे बनवणारे उत्तमराव, काशीगावची नेहा आणि पेणकरपाड्याची निशा. चौघांचा मिळून एकच पासवर्ड, त्यामुळे कुणी पुसलं हे कळायला मार्ग नव्हता.

पहिला फोन उत्तमरावांचा आला. “ताई, कुणाचं नाव घ्यायला नको वाटतं. पण सोमवारी काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय.”

सोमवारी झालं होतं ते असं. व्हेरानं आपल्या आईच्या लुगड्याच्या चौकड्यांवरून एक सुंदर लाल कागद बनवला होता. निशानं तो वापरला आणि खाली व्हेराचं नाव लिहायला विसरली. व्हेरानं तिला भर गटात ‘चोरटी’ म्हटलं. तो शब्द निशाला लागला आणि तीही दोन वाक्यं जास्तच बोलून गेली.

अर्ध्या तासात गट पेटला. शंभर निरोप, त्यातले नव्वद निशाबद्दल. वैजयंताबाईंच्या डोक्यातही तिडीक गेली. मेलेल्या माणसाचे फोटो पुसायचे? त्यांनी निशाला गटातून काढलं आणि त्यांनीच घातलेल्या सातव्या नियमाप्रमाणे तिला कळवलं: “तुला गटातून काढलं आहे. गटाचं सगळं साहित्य पुसून, टोपली रिकामी करून, स्क्रीनशॉट पाठव.” कारण लिहिलं नाही. चोराला कारण काय सांगायचं?

स्क्रीनशॉट पाच वाजून वीस मिनिटांनी आला. खाली एक शब्द नव्हता, विनवणी नाही की शिवी नाही. तेव्हा पहिल्यांदा वैजयंताबाईंच्या मनात पाल चुकचुकली.

२

गुरुवारी सकाळी त्या उत्तनला गेल्या. अंगणात बोंबील वाळत होते, दारात मांडव अर्धा उभा होता, आणि व्हेरा ओट्यावर बसली होती. लग्नघर, पण कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं.

“मिळाले?” व्हेरानं एवढंच विचारलं.

“नाही अजून.”

“माझं रडून झालंय, बाय. आता ऐक. उद्या संध्याकाळपत्तूर फोटो न्हाय मिळाले तर मी पोलिसात जानार. निशाचं नाव देनार.”

वैजयंताबाई दचकल्या. निशाला महिन्याभरापूर्वीच मीरा रोडच्या एका कॉल सेंटरमध्ये नोकरी लागली होती. पोलीस पडताळणी अजून व्हायची होती. तक्रार झाली की नोकरी गेली. घरात कमावणारी ती एकटी.

“तिनंच केलंय याची खात्री आहे तुझी?”

“तू काढलीस ना तिला? मंग तुझी खात्री हाय म्हनून मीबी धरली.”

व्हेरा उठून आत गेली आणि एक गुंडाळी घेऊन आली.

“हे बघ माझं नशीब. मंगळवारी साडेपाचला जीवनच्या दुकानात गेलते, मोठा फोटो छापायला. निशानं नुसती बघायची लिंक पाठवलेली, तीच त्याला दिली. त्या मेल्याच्या मशीननं काय केलं बघ. तोंड खाल्लं त्याचं.”

तीन फुटी कागद ओट्यावर उलगडला. बोटीचं पुढचं टोक, निळा शर्ट आणि शर्टाच्या वर चेहरा म्हणावा तर नुसते चौकोन. डोळ्यांच्या जागी चार चौकोन, हसण्याच्या जागी सहा. व्हेरानं तोंड फिरवलं.

वैजयंताबाईंनी मात्र चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. नोकरीत पहिल्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी शिकवलं होतं, आधी कडा बघायच्या, मग मध्य. मधलं दुखणं सगळ्यांना दिसतं, कडेचं सुटतं. त्यांनी कागदाची कड बोटानं चाचपली. चारही बाजूंनी एक रेघ होती, मुळात बारीक, पण फोटोबरोबर मोठी होऊन बोटभर रुंद झालेली, फिकट.

ॲड्रियननं बोटीवर काढलेल्या फोटोला रेघ कोण मारेल?

३

जीवनचं छपाईचं दुकान भाईंदर पश्चिमेच्या बाजारात, एका फरसाणवाल्याच्या शेजारी. वैजयंताबाईंना पाहताच तो आधीच कावलेला दिसला.

“मॅडम, तुम्हीपण तेच बोलायला आलाय का? आंटी परवापासून सगळ्यांना सांगतायत, जीवनचं मशीन खराब. अरे, मी बोललो त्यांना, फोटोच छोटा आहे. ऐकतच नाही ना.”

“किती छोटा?”

“थांबा, आहे अजून इथे.” त्यानं संगणकावर फोटो काढून दाखवला. “हे बघा. रुंदी सहाशे पिक्सेल. सहाशेमध्ये तीन फुटी पोस्टर कसं होणार? खेळायच्या पत्त्याएवढा छापा, एकदम कडक येईल. मोठा केला की चेहरा फुटणारच.”

“मंगळवारी साडेपाचला आला तेव्हाच सहाशे होता?”

“मी काय हात लावलाय का त्याला? आला तसा छापला. कस्टमरची गोष्ट आहे, खोटं कशाला बोलू?”

वैजयंताबाई बाजूच्या स्टुलावर बसल्या. ॲड्रियनचा फोन स्वस्तातला असला तरी फोटो चार हजार पिक्सेलचे काढत होता, निशानं मंगळवारी दुपारी गटात तसं लिहिलंही होतं. बारा वाजता चार हजार, साडेपाचला सहाशे.

आणि सहाशे हा आकडा त्यांच्या चांगल्या ओळखीचा होता. तोही त्यांचाच नियम. गटाच्या गॅलरीत पान टाकायचं तर रुंदी सहाशेच ठेवायची, म्हणजे बाहेरचा कुणी ते चोरून छापू शकत नाही. चिकटवहीतला प्रत्येक माणूस हे काम रोज करतो. पान लहान करायचं आणि नव्या नावानं जतन करायचं. नवं नाव द्यायला विसरलं की मूळ मोठं पान गेलंच. प्रत्येकाचं एखादं तरी पान असं गेलेलं आहे, आणि प्रत्येकानं त्यावर गटात डोकं बडवून घेतलेलं आहे.

फोटो आधी पुसले नव्हते तर. आधी कुणीतरी लहान केले होते. मग पुसले.

“जीवन, ती कडेची रेघ मोठी करून दाखव. रंग कुठला?”

त्यानं फोटोचा कोपरा पडदाभर मोठा केला. “करडा. पक्का करडा, मॅडम. काळा नाही.”

चाळीस फोटो कुणी एकेक करून लहान करत बसत नाही. त्यासाठी ॲक्शन लागते, म्हणजे संगणकाला एकदा शिकवून ठेवलेली कामांची साखळी. एक बटण दाबलं की शंभर फोटोंवर तेच. आणि लहान करताकरता कडेला रेघ मारणारी ॲक्शन गटात एकाच माणसानं बनवली होती. फक्त त्यानं ती सगळ्यांना वाटली होती.

४

नेहा काशीगावातल्या नव्या इमारतीत आठव्या मजल्यावर चित्रकलेचे वर्ग घ्यायची. वैजयंताबाई पोचल्या तेव्हा ती रंगाच्या वाट्या धूत होती. तिचं तोंड जरा फुगलेलंच होतं, आणि त्याला कारणही होतं. अल्बमसाठी तिनं स्वतःचे साचे देऊ केले होते, आणि व्हेरानं ते ‘फार भडक’ म्हणून नाकारले होते.

“ताई, स्पष्ट विचारा ना, मी पुसले का. व्हेरावर राग आहे माझा. पण कुणाच्या बाबांचे फोटो पुसण्याइतकी मी गेलेली नाही.”

“मंगळवारी दुपारी फोल्डर उघडलं होतंस?”

“उघडलं होतं. एकच फोटो पाहिला, सियाला खांद्यावर घेतलेला. मग बंद केलं. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.”

“मोठा होता? स्पष्ट?”

“मोठा म्हणजे काय, त्यांच्या हातावरचे मिठाचे कण दिसत होते.”

“किती वाजता?”

“तीनला माझा वर्ग सुरू होतो. त्याच्या जस्ट आधी.”

तीन ते साडेपाच. वैजयंताबाईंनी मनात नोंद केली. “आणि तू पानं लहान कशानं करतेस?”

“उत्तमकाकांच्या ॲक्शननं. सगळेच करतात, तुम्ही आणि निशा सोडून. तुम्हाला ती जमत नाही आणि निशाकडे लॅपटॉपच नाही. टॅबवर ती ॲक्शन चालते कुठे?”

हे वैजयंताबाईंना माहीत होतं. बुधवारीही माहीत होतं, पण विचारायला वेळ कुणी काढला होता? कपाटातून काही गेलं की पहिलं नाव कुणाचं निघतं, हे त्यांनी नोकरीत स्वतः सोसलं होतं. इस्पितळातली एक सोन्याची साखळी हरवली तेव्हा सगळ्यांच्या आधी त्यांची पर्स उघडली गेली होती. साखळी नंतर एका गादीखाली सापडली. पर्स उघडणाऱ्यानं माफी मागितली नव्हती. आणि आता तेच त्यांनी निशाशी केलं होतं, तेही घाईघाईनं, मोबाइलवर, दोन ओळींत.

“नेहा, तुझं शेवटचं पान दाखव. गॅलरीतलं.”

नेहानं दाखवलं. कडेला बारीक रेघ होती. काळी कुळकुळीत.

“ही काळी का?”

“काकांची जुनी ॲक्शन आहे ना. त्यांनी पंधरा दिवसांपूर्वी बदलून करडी केली. काळी रेघ शोकपत्रिकेसारखी वाटते म्हणाले. मी मागितली तर म्हणाले, अजून तपासतोय, पुढच्या महिन्यात सगळ्यांना देतो. तोवर आम्ही आपले शोकात.”

वैजयंताबाईंनी गॅलरीतली गेल्या पंधरा दिवसांतली सगळी पानं चाळली. त्र्याहत्तर पानांना काळी रेघ होती. करडी रेघ चारच पानांना होती, आणि चारही एकाच माणसाची.

५

शुक्रवारी सकाळी उत्तमरावांनी दार उघडलं तेव्हा त्यांची दाढी वाढलेली होती. एरवी हा माणूस घरातसुद्धा इस्त्रीचा शर्ट घालायचा. गटात कुणाचं काही चुकलं की लोक उत्तमरावांना विचारायचे, कारण उत्तमरावांचं चुकत नसे. सात वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं.

वैजयंताबाईंनी काही न बोलता ती तीन फुटी गुंडाळी त्यांच्या टेबलावर उलगडली.

“जीवनचं मशीन…” उत्तमरावांनी सुरुवात केली.

“मशीन ठीक आहे. ही रेघ कुणाची?”

ते बघत राहिले. नंतर सावकाश खुर्चीत बसले.

“करडी रेघ अजून तुमच्याशिवाय कुणाकडे नाही,” वैजयंताबाई म्हणाल्या. “मंगळवारी तीनला फोटो मोठे होते. साडेपाचला जीवनकडे गेला तो सहाशेचा, तुमची रेघ मारलेला. मधल्या अडीच तासांत तुम्ही चाळीसच्या चाळीस लहान केले. वर जतन केले ते त्याच नावानं.”

“मदतच करायची होती ताई.” त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता. “तुम्ही बुधवारी वाटप करणार होता. कुणाला कुठला फोटो हवा ते निवडायला सगळ्यांचे छोटे फोटो एका पानावर लावून द्यावेत म्हटलं. ॲक्शन नवी होती. जुनीत वेगळ्या फोल्डरमध्ये जतन करायची पायरी होती. नवीत ती घालायची राहिली. बटण दाबलं आणि चहा करायला गेलो.”

“आणि तुमचा संगणक फोल्डरला जोडलेला.”

“इथे बदललं की वर बदलतं. सहा वाजता एक फोटो मोठा करून पाहिला तेव्हा कळलं. पाचावर धारण बसली माझी. छोटे फोटो तसेच राहिले असते तर कुणालाही कळलं असतं की हे कुणाच्या तरी ॲक्शनचं काम आहे, आणि रेघ बघून माझं नाव निघालं असतं. फोल्डर रिकामं दिसलं तर चोरी वाटेल. म्हणून पुसलं.”

“चूक झाली ते मी समजू शकते. माझीही पानं गेलीत. पण बुधवारी सगळ्यात आधी निशाचं नाव तुम्ही घेतलंत, उत्तमराव. ती चूक नव्हती.”

उत्तमराव चेहरा हातांत धरून बसले. वैजयंताबाईंना त्यांची दया आली आणि दया आली म्हणून स्वतःचा रागही आला.

“लहान केलेले तरी आहेत का?”

“आहेत. चाळीसही आहेत.” त्यांनी खणातून पेन ड्राइव्ह काढला. मग एकदम मान वर केली. दोन दिवसांत पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत जीव आला. “ताई, पण मूळ फोटोही असतील की! निशानं फोनमधून ते आधी टॅबवर घेतले होते ना? टॅबवरून फोल्डरमध्ये टाकले. मोठे फोटो तिच्याकडे असणारच. मला हे सुचलंच नाही. अहो, सगळं वाचेल. तिला फोन लावा.”

वैजयंताबाईंनी फोन हातात घेतला, पण लावला नाही. पडद्यावर निशाशी झालेलं शेवटचं बोलणं उघडं होतं. वर त्यांच्या दोन ओळी, आणि खाली बुधवारी पाच वाजून वीस मिनिटांनी आलेला, रिकाम्या टोपलीचा स्क्रीनशॉट.

६

पेणकरपाड्याला रिक्षा पोचेपर्यंत त्या एकच गोष्ट घोकत होत्या. मुलगी रागात होती, रागात माणूस सांगितलेलं ऐकत नाही, काहीतरी मागे ठेवलं असेल. रिक्षावाल्यानं दोनदा “किधर छोडू?” विचारलं तेव्हा त्या भानावर आल्या.

दार निशाच्या आईनं, शेवंतीबाईंनी उघडलं. “जय भीम” झालं, पण त्यांनी आत या म्हटलं नाही. तशाच दारात उभ्या राहिल्या. “पोरगी दोन दिवस जेवली नाही, बाई. काय केलंन तिनं? एक नाव लिवायचं राहिलं, त्याची एवढी शिक्षा?”

मागून निशा आली. कामावर जायच्या तयारीत होती, गळ्यात ओळखपत्र. “आई, येऊ दे त्यांना.”

वैजयंताबाई आत गेल्या, पण बसल्या नाहीत. “निशा, तुला मी का काढलं असं तुला वाटतं?”

“व्हेराआंटीच्या कागदावरून. मी श्रेय दिलं नाही म्हणून. मी त्यांना सॉरी लिहिलेलं मावशी, मंगळवारी. पाठवायच्या आधी विचार करत होते, तर तुम्ही काढूनच टाकलंत.”

“फोल्डरचं तुला कुणी काहीच सांगितलं नाही?”

“फोल्डरचं काय?”

तिला खरंच माहीत नव्हतं. बुधवारी गट पेटला तेव्हा तिचा फोन कामावरच्या लॉकरमध्ये होता. गटातून काढलेल्या माणसाला गटातलं काही दिसत नाही, आणि एकशेसाठ जणांपैकी एकानंही तिला फोन केला नव्हता. वैजयंताबाईंनी सगळं सांगितलं. रिकामं फोल्डर, उत्तमरावांची ॲक्शन, करडी रेघ. निशा ऐकत होती. तिचा चेहरा आधी मोकळा झाला आणि मग हळूहळू पांढरा पडत गेला.

“मावशी,” ती म्हणाली, “टॅबवर होते ते.”

“आहेत का?”

“तुम्ही लिहिलं होतं, गटाचं सगळं पुस. टोपली पण. मी ब्रेकमध्ये लॉकरमधून टॅब काढला आणि सगळं पुसलं. तेव्हा ॲड्रियन अंकलचं फोल्डरपण आलं समोर. एक मिनिट थांबले होते. मग म्हटलं, वर आहेतच की. इथे ठेवले तर उद्या परत म्हणाल, चोरले.”

बाहेर कुणीतरी नळाखाली बादली आपटत होतं.

म्हणजे मंगळवारी उत्तमरावांनी फोटो खराब केले, तरी ॲड्रियन शाबूत होता. बुधवारी दुपारपर्यंत शाबूत होता. वैजयंताबाईंनी निरोप पाठवण्याआधी एक फोन केला असता, नुसतं “अगं, काय झालं?” एवढं विचारलं असतं, तर रविवारी तो हॉलच्या दारात उभा राहिला असता. त्याला शेवटचं पुसायला लावलं ते त्यांनी. हे उघड होतं, आणि ते त्यांना सहन होत नव्हतं.

निशानं त्यांच्या दंडाला हात लावला. “मी नाही सांगणार कुणाला. उत्तमकाकांनी केलं एवढं पुरे आहे. टॅबचं कुणाला माहितीये?”

“उत्तमरावांना माहीत आहे.”

“ते कशाला बोलतील? मावशी, व्हेराआंटी तुम्हाला खूप मानतात. नका सांगू.”

पोरीनं मनापासून म्हटलं होतं. वैजयंताबाईंना तिच्याकडे बघवेना. त्यांनी तिच्यापुढे हात जोडले. माफी मागितली, शेवंतीबाईंचीही मागितली, आणि घड्याळ पाहिलं. साडेबारा वाजले होते. संध्याकाळपर्यंत व्हेरा पोलिसात जाणार होती.

७

उत्तनला त्या दोन वाजता पोचल्या. वाटेत जीवनच्या दुकानात थांबून पेन ड्राइव्हमधले चाळीसही फोटो छापून घेतले होते. पत्त्याएवढे. जीवन म्हणाला होता तसेच आले होते, स्वच्छ.

व्हेरा एकटीच होती. सिया ब्लाउज आणायला गेली होती. वैजयंताबाईंनी गठ्ठा तिच्या मांडीवर ठेवला आणि तिनं तो हावरटासारखा उघडला. पहिल्या फोटोत ॲड्रियन जाळं शिवत होता. दुसऱ्यात खांद्यावर लहानगी सिया.

“मिळाले. मोठे कुठं हायत?”

“मोठे नाहीत, व्हेरा. एवढेच राहिलेत. मोठं करायला गेलं की त्या दिवशीसारखं होतं.”

“कोनी केलं? निशानं?”

“निशानं काही केलं नाही. पोलिसात तिचं नाव देऊ नकोस. उत्तमरावांच्या हातून फोटो लहान झाले, आणि ते लपवायला त्यांनी फोल्डर पुसलं. ते स्वतः येतील तुझ्याकडे, मी सांगून आले आहे.”

व्हेरानं उत्तमरावांना उत्तनच्या भाषेत जे म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. वैजयंताबाई ते संपेपर्यंत थांबल्या. इथे बोलणं थांबवलं असतं तरी चाललं असतं. व्हेराचा राग उत्तमरावांवर नीट जाऊन बसला होता, वैजयंताबाईंवर नव्हता.

“अजून आहे,” त्या म्हणाल्या. “मोठे फोटो निशाच्या टॅबवर होते. तिनं ते जपून ठेवले होते. बुधवारी मी तिला काहीही न विचारता गटातून काढलं आणि सगळं पुसायला लावलं. तिला माहीतच नव्हतं की वरचे गेलेत. मोठे फोटो माझ्यामुळे गेले, व्हेरा. उत्तमरावांमुळे नाही.”

व्हेरानं फोटो पत्त्यांसारखे जुळवले, पदराच्या टोकानं वरचा पुसला आणि बाजूला ठेवले.

“दारात काय उभं करू मी आता?” ती म्हणाली. दूरवर कुणाच्या तरी बोटीचं इंजिन सुरू झालं आणि लांब गेलं.

“माफ न्हाय करीत मी तुला,” शेवटी व्हेरा म्हणाली. “आज न्हाय. फुडचं फुडं बघू.”

“बरोबर आहे तुझं.”

“रविवारी नऊला चर्चात लग्नाची मिस्सा हाय. निशाला घेऊन ये. तिच्या आईलाबी आन. निशा फुडल्या बाकावर बसंल, माझ्या बाजूला, घरच्यांत. मी चोरटी बोलले तिला, सगळ्या गावासमोर बाजूला बसवीन.” तिनं डोळे पुसले. “तू मागं बस.”

“येते,” वैजयंताबाई म्हणाल्या.